महासागरी बेटांवरील जातिउद्भव

महासागराच्या तळावरील ज्वालामुखींच्या उद्रेकांतून वर आलेली व कोणत्याही खंडाला कधीच जोडलेली नसलेली बेटे म्हणजे महासागरी बेटे होत. पॅसिफिक महासागरातील हवाई व गॅलापागस हे द्वीपसमूह त्यांची परिचित उदाहरणे आहेत. वारा, सागरी प्रवाह किंवा पक्षी यांच्याद्वारे अशा बेटांवर एखादा जीव क्वचितच पोहोचतो. तथापि तेथे स्थिरावलेल्या थोड्या पूर्वजांपासून पुष्कळ जाती उत्पन्न झालेल्या आढळतात. एका पूर्वजापासून निरनिराळ्या परिस्थितींशी जुळवून घेणाऱ्या अनेक जाती निर्माण होण्याच्या या क्रियेला अनुकूली प्रसारण म्हणतात. अल्प आनुवंशिक भांडवलातून एवढी विविधता कशी निर्माण होते, हा उत्क्रांतिविज्ञानातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

संस्थापक परिणाम : धान्याच्या राशीतून घेतलेल्या मुठीत राशीतील सर्व वाणांचे दाणे येतीलच असे नाही. त्याचप्रमाणे मोजक्या व्यक्तींनी वसविलेल्या समूहात मूळ समूहातील जनुकांचा (आनुवंशिक लक्षणे पुढील पिढीत नेणाऱ्या घटकांचा) केवळ काही अंश येतो. एर्न्स्ट माइर यांनी १९४२ मध्ये यास संस्थापक परिणाम असे नाव दिले. मूळ समूहाशी संकर थांबल्यामुळे उत्परिवर्तन, योगायोगाने होणारे जनुकांच्या प्रमाणातील बदल व नैसर्गिक निवड यांच्या योगे नवा समूह वेगळा होत जातो. वसाहतीच्या वेळी जनुकांची संपूर्ण फेरमांडणी होते, असे माइर यांनी १९५४ मध्ये सुचविले होते. मात्र पुढील काळातील प्रयोगांतून या कल्पनेला फारशी पुष्टी मिळाली नाही.

हवाईतील फळमाश्या : हवाई बेटे सर्वांत जवळच्या खंडापासून ३,५०० किमी.हून अधिक दूर आहेत. मोठ्या बेटांपैकी वायव्येकडील काउआई बेट सु. ५० लक्ष वर्षांपूर्वीचे, तर आग्नेयेकडील हवाई बेट दहा लक्ष वर्षांहूनही कमी वयाचे आहे. ड्रॉसोफिला व तिच्या निकटच्या माश्यांच्या येथे शेकडो जाती आहेत. हॅम्प्टन कार्सन यांनी चित्रविचित्र पंखांच्या शंभराहून अधिक जातींच्या अळ्यांच्या लाला ग्रंथींतील महागुणसूत्रांचे निरीक्षण केले. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा जोडला गेल्यास त्यावरील पट्ट्यांचा क्रम बदलतो. असा बदल दोन जातींत समान असल्यास त्यांचा पूर्वज एकच मानता येतो. या पद्धतीने जातींचे नाते जुळविले असता, माश्यांचा प्रसार मुख्यतः जुन्या बेटांकडून नव्या बेटांकडे झाल्याचे दिसून आले.

हवाई बेटावरील ड्रॉसोफिला सिल्व्हेस्ट्रिस व ड्रॉ. हेटेरोन्यूरा या जाती विशेष उद्‌बोधक आहेत. दुसऱ्या जातीच्या नराचे डोके हातोडीसारखे रुंद असते, तरीही दोन्ही जातींच्या गुणसूत्रांवरील पट्ट्यांचा क्रम जवळजवळ सारखाच आहे आणि प्रयोगशाळेत त्यांची संकरज संतती जननक्षम असते. निसर्गात मात्र जोडीदाराच्या निवडीमुळे त्या बव्हंशी वेगळ्या राहतात. यावरून बाह्य रूपात व प्रणयाराधनात मोठा फरक पडण्यास जनुकसंचात मोठा बदल व्हावाच लागतो असे नाही, हे स्पष्ट होते.

गॅलापागसचे फिंच पक्षी : डॅफ्नी मेजर या लहान बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून अनेक दशके पक्ष्यांची मोजमापे घेतली. १९७७ च्या अवर्षणात लहान बिया संपल्या व मोठ्या, टणक बिया फोडू शकणाऱ्या मोठ्या चोचीच्या पक्ष्यांपैकी अधिक जण वाचले. २००४-०५ च्या अवर्षणात मात्र मोठ्या बिया दुसऱ्या, अधिक थोराड फिंच जातीने फस्त केल्यामुळे मध्यम भूफिंचांपैकी लहान चोचीचे पक्षी जास्त प्रमाणात टिकले. चोचीच्या आकाराशी एएलएक्स१ व आकारमानाशी एचएमजीए२ या जनुकांचा संबंध अनुक्रमे २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या जनुकांची रूपे अनेक जातींत सामाईक असल्याने प्रत्येक बदल नव्या उत्परिवर्तनाची वाट पाहत नाही. पूर्वजांकडून आलेली व संकरातून मिळालेली रूपेही निवडीस उपलब्ध असतात. १९८१ मध्ये दुसऱ्या बेटावरून आलेल्या एका नर फिंचाने स्थानिक मादीशी जोडी जमविली व त्यांच्या वंशजांनी पुढे आपसांतच प्रजनन केले, हे याचे लक्षणीय उदाहरण होय.

संवर्धनाचा प्रश्न : ज्या अल्पसंख्येतून विविधता उपजते, तीच विनाशासही कारण होऊ शकते. हवाईतील मौना कीआ पर्वतावरील रजतखड्ग (आर्गिरोक्सिफियम सँडविसेन्से) ही वनस्पती माणसाने आणलेल्या मेंढ्या इत्यादींच्या चराईमुळे विसाव्या शतकात मोजक्या झाडांपुरती उरली. १९७० नंतर लावलेली शेकडो रोपे अवघ्या दोन मातृवनस्पतींची संतती होती. ही जाती स्ववंध्य आहे. म्हणजे स्वतःचे वा परागाबाबत समान जनुकरूप असलेल्या झाडाचे पराग तिला बीजधारणेस चालत नाहीत. त्यामुळे रोपे अनेक असूनही बी कमी धरते. उरलेल्या जंगली झाडांचे पराग हाताने आणून परागण करण्याचा उपाय म्हणूनच योजावा लागला. झाडांची संख्या वाढविणे म्हणजे जातीचे रक्षण नव्हे. तिच्यातील आनुवंशिक भिन्नता राखणे हेच खरे रक्षण, हा या बेटांनी दिलेला धडा होय.