रिमोटच्या गाडीचं वायरिंग

रिमोटच्या गाडीत बॅटरी थेट मोटरला जोडत नाहीत. मध्ये स्पीड कंट्रोलर असतो. बहुतेक कंट्रोलर 7.4 व्होल्टच्या बॅटरीतून 5-6 व्होल्ट काढून रिसीव्हर आणि स्टिअरिंगचा सर्व्होही चालवतात. मग रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावायची नाही. त्याच्या पहिल्या चॅनेलवर बहुधा सर्व्हो, दुसऱ्यावर कंट्रोलर. कनेक्टरात लाल वायर मधोमध, काळी किंवा तपकिरी निगेटिव्ह, उरलेली सिग्नलची. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, झालं. बॅटरीचं लाल-काळं मात्र उलटं जोडलं की कंट्रोलर जळालाच समजा. कनेक्टर बदलताना बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कधीच कापू नका; कटरचं पातं दोन्हींना टेकलं की शॉर्ट होतो. एक कापा, सोल्डर करा, टेप गुंडाळा, मगच दुसरी.