झोंबी, मंगळ आणि हातातली पेन्सिल

आठवी-नववीच्या वर्गात बाकाखाली धरून जे पुस्तक वाचले जाते, ते बहुधा पाठ्यपुस्तक नसते. भुताची, रक्तपिपासू मुडद्यांची किंवा परग्रहावरची गोष्ट असते. आता तर पुस्तकाचीही गरज उरली नाही. घरातल्या मोबाइलवर अशा कथा हव्या तितक्या मिळतात. त्यांतल्या पुष्कळशा स्वतंत्र लेखकांनी लिहिलेल्या असतात, म्हणजे ज्यांच्या मागे प्रकाशक नाही, संपादक नाही, मुद्रितशोधकही नाही, अशा लेखकांनी. स्वतः लिहायचे, स्वतः प्रसिद्ध करायचे आणि वाचकाची वाट बघायची.

अशी कथा विद्यार्थ्याच्या हातात दिसली, की आपण शिक्षक मंडळी एक तर ती काढून घेतो, नाही तर काणाडोळा करतो. आम्हाला वाटते, तिसरीही एक वाट आहे. ज्या कथेला संपादक मिळालेला नाही, तिचे संपादन वाचकाने करावे. विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल द्यावी आणि सांगावे, ‘वाच, पण जिथे शंका येईल तिथे खूण कर.’ हा उद्योग किती दूर नेऊ शकतो, ते दोन उदाहरणांवरून पाहू या.

मंगळावरचे वादळ

अँडी विअर हा अमेरिकेतील एक संगणक-प्रोग्रॅमर. लिहिण्याची हौस होती, पण आधीच्या लेखनाला प्रकाशक मिळाला नव्हता. २००९ साली त्याने ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रकरणा-प्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवायला सुरुवात केली. मंगळावर एकटाच मागे राहिलेला एक अंतराळवीर जवळच्या सामानातून पाणी, अन्न आणि हवा कशी मिळवतो, एवढीच गोष्ट. तिच्या वाचकांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणारे बरेच होते. ते चुका कळवत आणि विअर त्या दुरुस्त करी. पुढे वाचकांच्या आग्रहावरून त्याने ती ई-पुस्तकाच्या रूपात ९९ सेंट या किमतीला विकायला ठेवली. २०१४ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती छापली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

या वाचकांनी जे केले, ते आपल्या वर्गालाही करता येते. नायकाला बटाटे पिकवण्यासाठी पाणी हवे असते. त्याच्याजवळ हायड्राझिन हे रॉकेटचे इंधन आहे. इरिडियम या उत्प्रेरकावरून नेले, की हायड्राझिनचे नायट्रोजन आणि हायड्रोजनमध्ये विघटन होते. हा हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला, की पाणी मिळते. हे खरे असू शकेल का? दहावीच्या विद्यार्थ्याला हिशेब करता येईल. हायड्राझिनच्या रेणूत नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात, रेणुवस्तुमान ३२. म्हणजे ३२ ग्रॅम हायड्राझिनमधून २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन मिळेल. त्या ४ ग्रॅम हायड्रोजनला जळण्यासाठी ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागेल आणि ३६ ग्रॅम पाणी तयार होईल. थोडक्यात, १ किलो हायड्राझिनपासून सव्वा किलोपेक्षा थोडे कमी, नेमके सांगायचे तर १.१२५ किलो पाणी. हिशेब जुळतो. (हायड्राझिन अत्यंत विषारी आहे आणि हायड्रोजनचा स्फोट होतो; तेव्हा हा प्रयोग कागदावरच करायचा, हे बजावून सांगावे.)

आता कादंबरीची सुरुवात पाहा. ताशी १७५ किलोमीटर वेगाचे वादळ येते, यान कलंडेल अशी वेळ येते आणि सगळ्यांना पळ काढावा लागतो. इथे पेन्सिल थांबायला हवी. मंगळावरच्या हवेची घनता पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे एक-साठांश आहे. वाऱ्याचा दाब हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेव्हा मंगळावरच्या त्या वादळाइतका दाब पृथ्वीवर किती वेगाचा वारा देईल? १७५ ला ६० च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ७.७५ ने भागले, की उत्तर येते ताशी सुमारे २३ किलोमीटर. एवढ्या वाऱ्याने दोरीवरचे धोतर फडफडेल. यान कलंडणार नाही.

गंमत अशी, की ही चूक लेखकाला ठाऊक होती. निसर्गानेच नायकावर पहिला घाव घालावा, म्हणून आपण ती जाणूनबुजून ठेवली, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले. विज्ञानकथेत कल्पनेला किती मोकळीक द्यायची, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल. पण चर्चेआधी चूक सापडायला हवी, आणि ती सापडते वर्गमूळ काढल्यावरच.

मुडदा चालतो कसा?

झोंबीकथा हे दुसरे उदाहरण. झोंबीची कल्पना कॅरिबियन समुद्रातल्या हैतीतून आली. फ्रेंच वसाहतीच्या काळात तिथल्या ऊसमळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. मेल्यावरही सुटका नाही, कुणी तरी उठवून पुन्हा राबवील, ही त्या माणसांची भीती या कल्पनेत उतरली आहे. आज आपण जो चावरा, टोळीने फिरणारा झोंबी पाहतो तो मात्र १९६८ सालचा. जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट अगदी थोड्या पैशांत, मोठ्या चित्रसंस्थेच्या मदतीशिवाय काढला. ऐन वेळी त्याचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ पडद्यावरून गळाली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणालाही फुकट वापरता येईल असे हे भूत! हौशी आणि स्वतंत्र लेखकांनी ते उचलले, यात नवल नाही.

विद्यार्थ्यांना विचारावे : मेलेला माणूस चालू शकेल का? ‘नाही’ हे उत्तर सगळे देतील. ‘का नाही’ हे विचारावे. स्नायूंना काम करायला एटीपी हा ऊर्जावाहक रेणू लागतो, हे त्यांना माहीत असते. पण आखडलेला स्नायू पुन्हा सैल व्हायलाही एटीपीच लागतो, हे बहुतेकांना माहीत नसते. मृत्यूनंतर एटीपी तयार होणे थांबते, म्हणून काही तासांतच प्रेत ताठरते. झोंबीचे पाय चालायचे सोडाच, गुडघ्यात वाकणारही नाहीत. भुताच्या भीतीवर उपदेशापेक्षा हा एक प्रश्न अधिक चांगला उतारा आहे, असे आमचे मत आहे.

चिठ्ठ्यांचा खेळ

झोंबीकथेचा खरा गाभा मात्र चाव्याचा आहे. एक दुसऱ्याला चावतो, दोघे मिळून चौघे होतात. दररोज संख्या दुप्पट झाली तर पृथ्वीवरची सगळी माणसे झोंबी व्हायला किती दिवस लागतील? बरीच मुले वर्षे सांगतील. उत्तर आहे ३३ दिवस, कारण २ चा ३३ वा घात ८५८ कोटींहून जास्त आहे आणि जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींहून थोडीच जास्त आहे. बत्तिसाव्या दिवशी निम्मे जग शाबूत असते, हेही फळ्यावर दाखवावे. दुपटीचा धोका शेवटी शेवटीच डोळ्यांत भरतो.

पण खरोखर असे होईल का? ४० जणांच्या वर्गात हे करून पाहता येते. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि १ ते ४० क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका. एक विद्यार्थी झोंबी होईल. प्रत्येक फेरीत प्रत्येक झोंबीने एक चिठ्ठी काढून वाचायची व परत टाकायची. ज्याचा क्रमांक निघेल तोही झोंबी. प्रत्येक फेरीनंतरची संख्या आलेखावर मांडा. नुसत्या दुपटीने सहा फेऱ्यांत वर्ग संपला असता. इथे बहुधा आठ-दहा किंवा त्याहून जास्त फेऱ्या लागतील. सुरुवातीला संख्या भराभर वाढते, पण पुढे आधीच झोंबी झालेल्यांचेच क्रमांक पुन्हा पुन्हा निघू लागतात आणि आलेख आडवा होत जातो. साथीच्या रोगाचा आलेख वर चढताना असाच दिसतो.

आता नियम बदला. झोंबीऐवजी रोगी म्हणा. रोगी झालेल्याने पुढच्या एकाच फेरीत दोन चिठ्ठ्या काढायच्या आणि मग खेळातून बाहेर बसायचे. तो पुन्हा रोगी होत नाही. या वेळी साथ कधी वर्गभर पसरेल, कधी मध्येच विझेल. काही जण तर सहीसलामत सुटतील. तिसऱ्या वेळी २८ विद्यार्थ्यांच्या वहीवर चांदणी काढा. हे लस घेतलेले. त्यांचा क्रमांक निघाला तरी त्यांना काही होत नाही. आता चांदणी नसलेल्या बारांपैकी एकाला रोगी करून खेळ सुरू करा. बहुतेक वेळा दोन-चार फेऱ्यांत साथ संपलेली दिसेल. कारण सरळ आहे : दोन चिठ्ठ्यांपैकी सरासरी ०.६ चिठ्ठीच असुरक्षिताची निघते. एक रोगी सरासरी एकाहून कमी जणांना रोग देत असेल, तर साखळी तुटतेच. चांदणी नसलेल्यांपैकीही बरेच जण वाचतात, हे मुद्दाम दाखवून द्यावे.

झोंबीची भीती कशावर उभी आहे, ते आता कळेल. तो बरा होत नाही आणि मेलेलाच असल्यामुळे मरतही नाही. खेळातून बाहेर बसणारा कुणी नाही. २००९ साली कॅनडातील ओटावा येथील फिलिप मुन्झ, रॉबर्ट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोंबीच्या साथीचे गणिती प्रतिरूप मांडले. विलगीकरणाने शेवट फक्त लांबतो. झटपट आणि पुन्हा पुन्हा प्रतिकार केला तरच माणसे टिकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या चिठ्ठ्याही तेच सांगतात. २०११ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘झोंबी आले तर घरात काय तयारी ठेवाल?’ अशी सूचना काढली. पाणी, औषधे, कागदपत्रे : यादी खऱ्या आपत्तीचीच होती, पण झोंबीमुळे ती इतक्या जणांनी वाचायला घेतली, की केंद्राचा संगणक काही वेळ बंद पडला.

खरा चावा

कथा मिटवण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा. चाव्यातून पसरणारा, मेंदूत शिरणारा आणि वागणे बदलून टाकणारा रोग प्रत्यक्षात आहे का? आहे : रेबीज. आणि इथे झोंबीकथा जी चुकीची गोष्ट शिकवते, ती जिवावर बेतू शकते. कथेत चावा म्हणजे शेवट असतो. रेबीजमध्ये चावा म्हणजे शेवट नव्हे. चाव्यानंतर मिळणारा वेळ वाया घालवणे म्हणजे शेवट. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्यात लस दिली तर शरीर प्रतिद्रव्ये तयार करते आणि रोग होत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाहीच. लुई पाश्चर यांनी जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचून घेतली, तीही चाव्यानंतरच. आणि तो वाचला.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला हे तोंडपाठ हवे : कुत्रा, मांजर किंवा माकड चावले वा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चुना, मिरची, हळद काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचे आणि लशीचे ठरलेले सगळे डोस पुरे करायचे. जखम खोल असेल तर डॉक्टर तयार प्रतिद्रव्येही जखमेत टोचतात. मांत्रिकाकडे घालवलेला दिवस परत मिळत नाही. मार बसेल म्हणून मुले चावा घरी लपवतात. तो लपवू नये, हेही आपणच सांगायला हवे. आणि तिसरा खेळ आठवा : परिसरातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस दिली, तर कुत्र्यांमधली रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्गातल्या ४० मध्ये २८ चांदण्या म्हणजे हेच प्रमाण.

नाव नव्हे, मजकूर

अनोळखी लेखकाचे लेखन म्हणजे कमअस्सल, असे मानण्याचेही कारण नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप, आणि या नावाचा लेखक कुणाला माहीत नव्हता. ते होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. परीक्षकांनी नाव नव्हे, मजकूर पाहिला. विद्यार्थ्यांनाही तीच सवय लागावी. मोठे नाव असले म्हणून वाक्य खरे ठरत नाही, आणि नाव नसले म्हणून खोटे ठरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बाकाखाली असे पुस्तक दिसले, तर ते जप्त करू नका. चार प्रश्न मात्र त्याला लावून द्या : यातले काय घडू शकते? काय घडू शकत नाही, आणि निसर्गाच्या कोणत्या नियमामुळे? किती, हे आकड्यात सांगता येईल का? आणि गोष्टीतले भय खऱ्या जगात कुठे आहे, त्यावर उपाय काय? पानापानावर पेन्सिलीच्या खुणा असलेले भुताचे पुस्तक विज्ञानाच्या तासाला खुशाल टेबलावर ठेवू द्या.