कॅमेऱ्याची पहिली ओळख

बालाघाटहून जबलपूरकडे सातपुड्याच्या रानातून धावणारी अरुंद रुळांची छोटी गाडी २०१५ साली कायमची थांबली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. आज तेथे रुंद रूळ आहेत. ज्या गाडीने कित्येक कुटुंबे पिढ्यानपिढ्या सोयऱ्याधायऱ्यांकडे गेली, तिचे एखादे बरे छायाचित्र किती घरी असेल? गेलेली गाडी परतत नाही, तसा गेलेला माणूसही परतत नाही. म्हणूनच हाती आलेला कॅमेरा नीट चालविण्यास शिकणे ही चैन नव्हे, असे आम्हांस वाटते.

फिल्मवाचून चित्र घेणारा पहिला हाती उचलण्याजोगा कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीचे तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी सिद्ध केला. त्याचे चित्र केवळ १०,००० ठिपक्यांचे असे, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज खिशातील मोबाइलच्या चित्रात कोटीहून अधिक ठिपके असतात. तथापि प्रकाश ओळखण्याचे काम अद्याप माणसाचेच आहे.

धानाच्या बांधीत पाणी घेताना आपण बांधाला वाट फोडतो. वाट किती रुंद आणि किती वेळ उघडी, यावर पाणी ठरते. कॅमेऱ्यातही तसेच. भिंगाचे छिद्र ही वाटेची रुंदी. शटर हा वाट उघडी राहण्याचा वेळ. छिद्राचा आकडा मात्र उलटा चालतो: २ म्हणजे मोठे छिद्र, ११ म्हणजे लहान. धावते पोर टिपावयाचे तर शटर सेकंदाचा पाचशेवा भाग इतके जलद हवे. संथपणे बसलेल्या माणसास साठावा भाग पुरतो. तिसरा आकडा आयएसओचा. भर उन्हात तो १०० ठेवावा. सांजवेळी १६०० केल्यास चित्र उजळते, परंतु रवाळ होते. मोबाइलमध्ये छिद्र बहुधा ठरलेलेच असते, तेव्हा उरलेल्या दोहोंकडे लक्ष द्यावे.

नवशिक्याची नेहमीची अडचण अशी: आजीला दारात बसवून घरातून चित्र घेतले, तर पाठीमागच्या उजेडाने तिचा चेहरा काळवंडतो. तिला दाराच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि आपण उजेडाच्या बाजूस उभे राहावे. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकविले म्हणजे कॅमेरा त्या चेहऱ्याचा प्रकाश धरतो. भिंग मऊ कापडाने पुसावे, कोपरे अंगाशी टेकवावी, आणि चित्र ओढून मोठे करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे. कारण ओढल्याने ठिपके वाढत नाहीत, चित्र मात्र फाटते.

शेवटची गोष्ट जतनाची. मोबाइल वैनगंगेत पडला, की हजार चित्रे एका क्षणी जातात. निवडक चित्रांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. त्यांतील चार कागदावर छापून मागे नाव, गाव व तारीख लिहावी.

येत्या रविवारी सकाळचे कोवळे ऊन पडवीत आले असता घरातील सर्वांत वडील माणसास तेथे बसवावे, आणि पहिला धडा तेथेच गिरवावा.