शिकागो हॉट डॉग

शिकागो हॉट डॉग हा अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराचा ओळखीचा खाद्यपदार्थ आहे. खसखस लावलेल्या लांबट पावात वाफवलेले गोमांसाचे सॉसेज ठेवून त्यावर सात ठरावीक घटक घातले जातात. पिवळे मस्टर्ड, काकडीची गोडसर हिरवी रेलिश, चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या फोडी, शेपू घालून मुरवलेल्या काकडीची उभी फाक, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लहान मिरच्या आणि सेलरी मीठ हे ते घटक होत. टोमॅटो केचप मात्र वर्ज्य मानले जाते. भाज्यांच्या या रेलचेलीमुळे 'बागेतून ओढत आणलेला' हॉट डॉग असे त्याचे गमतीदार वर्णन शिकागोत रूढ आहे. आज तो शहराच्या अभिमानाचा विषय असला, तरी त्याची घडण स्थलांतरितांच्या वस्तीत आणि आर्थिक मंदीच्या काळात, अल्प पैशांत पोटभर जेवण देण्याच्या गरजेतून झाली.

इतिहास

बारीक वाटलेल्या मांसाचे सॉसेज जर्मन भाषक स्थलांतरितांनी अमेरिकेत आणले. 'फ्रँकफर्टर' आणि 'वीनर' ही त्याची नावे अनुक्रमे फ्रँकफर्ट व व्हिएन्ना या शहरांवरून पडली आहेत. शिकागोत १८६५ मध्ये सुरू झालेल्या युनियन स्टॉक यार्ड्स या प्रचंड पशुबाजारामुळे हे शहर अमेरिकेतील मांसव्यवसायाचे केंद्र बनले होते. त्यामुळे सॉसेजसाठी लागणारे मांस तेथे मुबलक उपलब्ध होते.

१८९३ मध्ये शिकागोत वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन हे जागतिक प्रदर्शन भरले. ज्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झाली होती. ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले एमिल रायशेल आणि सॅम्युएल लादानी यांनी या प्रदर्शनात गोमांसाची सॉसेजेस विकली. पुढील वर्षी त्यांनी हॅल्स्टेड रस्त्यावर दुकान थाटले. त्यातूनच 'व्हिएन्ना बीफ' ही कंपनी उभी राहिली.

शिकागोच्या सॉसेजमध्ये डुकराचे मांस न वापरता केवळ गोमांस वापरण्याच्या प्रथेमागे ज्यू आहारपरंपरेचा प्रभाव होता. ज्यू धर्मनियमांनुसार डुकराचे मांस निषिद्ध आहे. शिवाय सॉसेजमध्ये नेमके काय भरले आहे, याविषयी त्या काळी ग्राहकांच्या मनात शंका असे. अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या १९०६ मधील कादंबरीने शिकागोच्या मांसकारखान्यांतील अस्वच्छता चव्हाट्यावर आणली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा केंद्रीय कायदा संमत झाला. अशा वातावरणात 'शुद्ध गोमांस' हे शब्द ग्राहकाला विश्वास देणारे ठरले.

मॅक्सवेल स्ट्रीट आणि महामंदी

शहराच्या मध्यभागाजवळचा मॅक्सवेल स्ट्रीट हा पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचा बाजार होता. पुढे ग्रीक, इटालियन, मेक्सिकन आणि दक्षिणेकडील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय लोकही तेथे व्यवसाय करू लागले. हातगाड्यांवर भाज्या, लोणची आणि सॉसेजेस शेजारीशेजारी विकली जात. जर्मनांचे मस्टर्ड, ज्यूंची मुरवलेली काकडी व खसखशीचा पाव, तसेच भूमध्यसागरी लोकांच्या आहारातील टोमॅटो आणि मिरच्या अशा शेजारातून एकत्र आल्या, असे खाद्येतिहासाचे अभ्यासक मानतात.

१९२९ मध्ये महामंदी सुरू झाली. त्याच वर्षी मॅक्सवेल स्ट्रीटवर सुरू झालेल्या 'फ्लुकीज' या दुकानात भाज्यांनी भरलेला हॉट डॉग ५ सेंटना मिळत असे. त्याला 'डिप्रेशन सँडविच', म्हणजे मंदीतील सँडविच, असे म्हटले जाई. शिकागो हॉट डॉगचे जनकत्व या दुकानाकडे असल्याचा दावा केला जातो. तथापि सर्व सात घटक एकाच दिवशी किंवा एकाच दुकानात ठरले नाहीत. आजचा संच अनेक वर्षांत हळूहळू स्थिर झाला. स्वस्त भाज्यांमुळे एका सॉसेजचे पूर्ण जेवण होत असे आणि विक्रेत्यालाही ते परवडत असे, हे त्यामागील अर्थकारण होते.

१९९४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील संकुलाच्या विस्तारासाठी मॅक्सवेल स्ट्रीटचा मूळ बाजार तेथून हलवण्यात आला. ज्या रस्त्यावर हा पदार्थ आकाराला आला, त्याचे जुने रूप आज उरलेले नाही.

घटक व कृती

सॉसेजसाठी गोमांस बर्फ, मीठ, लसूण, पॅप्रिका इत्यादींसह अतिशय बारीक वाटले जाते. हे मिश्रण आवरणात भरून धुरावर शेकतात व शिजवतात. नैसर्गिक आतड्याचे आवरण असल्यास चावताना 'कट्' असा आवाज होतो. जाणकार ग्राहक चांगल्या हॉट डॉगची ती पहिली खूण मानतात. विक्रीच्या वेळी सॉसेज उकळी न आणता गरम पाण्यात ठेवतात किंवा वाफवतात. निखाऱ्यावर भाजलेल्या प्रकाराला 'चार डॉग' म्हणतात. पावही वाफवून मऊ केला जातो.

रेलिशचा भडक हिरवा रंग खाद्यरंगामुळे येतो. 'स्पोर्ट पेपर' या मिरच्या लहान व मध्यम तिखट असतात. सेलरी मीठ हे सेलरीच्या वाटलेल्या बिया आणि मीठ यांचे मिश्रण असून ते सर्वांत शेवटी भुरभुरवतात. एकोणिसाव्या शतकात शिकागोच्या उत्तरेकडील लेक व्ह्यू परिसरात सेलरीची शेती होत असे. गोड, आंबट, खारट आणि तिखट या चवींचा समतोल साधणे हे या मांडणीचे सूत्र आहे.

केचपचा वाद

केचपमधील साखर मांस व मसाल्याची चव झाकून टाकते, तसेच टोमॅटो आणि रेलिश यांमुळे आंबटगोड चव आधीच आलेली असते, असे केचप वर्ज्य करण्याचे समर्थन केले जाते. काही दुकाने केचप ठेवतच नाहीत. लहान मुलांना मात्र या नियमातून सूट दिली जाते. अमेरिकेतील नॅशनल हॉट डॉग अँड सॉसेज कौन्सिल या संस्थेच्या शिष्टाचारांतही वयाच्या १८ वर्षांनंतर हॉट डॉगवर केचप घेऊ नये, असे म्हटले आहे. २०१७ मध्ये हाइन्झ कंपनीने आपलेच केचप 'शिकागो डॉग सॉस' या नावाने बाजारात आणून या आग्रहाची थट्टा केली होती.

प्रमुख विक्रीस्थळे

शिकागोत हा पदार्थ प्रामुख्याने लहान, स्वतंत्र दुकानांत मिळतो. त्यांतील काही प्रसिद्ध दुकाने पुढीलप्रमाणे आहेत:

• सुपरडॉग – १९४८ मध्ये बर्मन दांपत्याने सुरू केलेले ड्राइव्ह-इन. छपरावर हॉट डॉगच्या आकाराच्या स्त्री-पुरुषांचे दोन पुतळे आहेत. येथे ताज्या टोमॅटोऐवजी मुरवलेला हिरवा टोमॅटो देतात.
• जीन अँड ज्यूड्स – १९४६ मध्ये स्थापन झालेले हे दुकान रिव्हर ग्रोव्ह या उपनगरात आहे. येथील हॉट डॉगवर टोमॅटो वा काकडीची फाक नसते. मस्टर्ड, रेलिश, कांदा आणि मिरच्या घालून वर तळलेल्या बटाट्यांचा ढीग रचतात. मंदीच्या काळातील साध्या प्रकाराचे हे उदाहरण मानले जाते. येथे केचप मिळत नाही.
• पोर्टिलोज – १९६३ मध्ये व्हिला पार्क या उपनगरात 'द डॉग हाऊस' या नावाने सुरू झालेल्या छोट्या गाड्यातून वाढलेली उपाहारगृहांची साखळी.
• वीनर्स सर्कल – लिंकन पार्क भागातील हे दुकान भाजलेल्या हॉट डॉगसाठी आणि रात्री उशिरा ग्राहक व कर्मचारी यांच्यात होणाऱ्या शिवराळ थट्टेसाठी ओळखले जाते.

'हॉट डग्ज' (२००१–२०१४) या दुकानाने नावीन्यपूर्ण सॉसेजेससाठी कीर्ती मिळवली. शहराने २००६ मध्ये फ्वा ग्रा, म्हणजे मुद्दाम पुष्ट केलेल्या बदकाच्या वा हंसाच्या यकृताच्या विक्रीवर बंदी घातली होती. ती मोडल्याबद्दल २००७ मध्ये या दुकानाला २५० डॉलर दंड झाला. २००८ मध्ये ही बंदी उठवण्यात आली.

इतर शहरांशी तुलना

न्यू यॉर्कमध्ये मस्टर्डसोबत आंबवलेली कोबी किंवा टोमॅटोच्या रसातील कांदा घालण्याची पद्धत आहे. तेथील कोनी आयलंड भागात १९१६ मध्ये सुरू झालेले 'नेथन्स फेमस' हे दुकान प्रसिद्ध आहे. डेट्रॉईटच्या 'कोनी डॉग'वर मांसाचा मसालेदार चिली सॉस, मस्टर्ड आणि कांदा असतो. या दोहोंच्या तुलनेत शिकागोच्या प्रकारात कच्च्या व मुरवलेल्या भाज्यांचे प्रमाण लक्षणीय आहे.

आहारविषयक बाबी

शिकागोतील पारंपरिक हॉट डॉग गोमांसाचाच असतो. त्यामुळे गोमांस न खाणाऱ्यांनी मागणी नोंदवताना चौकशी करणे आवश्यक ठरते. पोर्टिलोजने २०२२ मध्ये वनस्पतिजन्य सॉसेजचा 'गार्डन डॉग' उपलब्ध करून दिला. सात घटकांपैकी कोणताही मांसाहारी नसल्याने शाकाहारी प्रकारातही मूळ मांडणी कायम राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. असे मांस दररोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिच्या अहवालात नमूद आहे. गोल, लवचिक आकारामुळे सॉसेजचा तुकडा लहान मुलांच्या घशात अडकण्याची भीती असते. म्हणून मुलांना देताना ते उभे चिरून त्याचे बारीक तुकडे करावे लागतात.