जुळ्यातली कालवड वांझ का निघते?

गाईला जुळे झाले आणि त्यात एक गोऱ्हा व एक कालवड असली, तर ती कालवड बहुधा कधीच गाभण राहत नाही. शंभरांत नव्वदांच्या आसपास वेळा असे घडते. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात हे नुकसान लहान नाही. दोन-अडीच वर्षे चारा आणि सरकीची ढेप घालून वाढवलेली कालवड माजावरच येत नाही, आणि दोष नशिबाला दिला जातो. देशी गाईंना जुळी क्वचितच होतात. होल्स्टीन संकरित गाईंना त्या मानाने अधिक. म्हणून हा प्रश्न आता जास्त गोठ्यांत येतो.

याचे मूळ गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत आहे. सुरुवातीला नरगर्भात व मादीगर्भात फरक दिसत नाही. मूत्रपिंडांजवळ दोन लहान उंचवटे तयार होतात. बीजपेशी मात्र तेथे जन्मत नाहीत. त्या पीतककोशाच्या भित्तीतून प्रवास करीत तेथे येऊन वस्ती करतात. नरात वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक सुमारे चाळिसाव्या दिवशी या उंचवट्यांची वृषणे करू लागते. मादीत हे जनुक नसते, म्हणून अंडाशय ‘आपोआप’ होतो असे जुनी पुस्तके सांगत. ते खरे नाही. फॉक्सएल-2 सारखी जनुके अंडाशय घडवतात आणि वृषणाच्या जनुकांना दाबूनही ठेवतात. 2009 साली प्रौढ उंदरीच्या अंडाशयातले हे जनुक बंद केले, तेव्हा तेथील पेशी चक्क वृषणातल्या पेशींसारख्या वागू लागल्या! मात्र अंडाशयाची घडण वृषणापेक्षा सावकाश चालते. घात होतो तो येथेच.

गाईच्या जुळ्या गर्भांच्या वारेतील रक्तवाहिन्या साधारण पहिल्या महिन्यानंतर एकमेकींना जोडल्या जातात. भावाचे वृषण आधी तयार होते व एक संप्रेरक स्रवू लागते. भावाच्याच शरीरातल्या, गर्भाशय होऊ शकणाऱ्या नलिका नाहीशा करणे हे त्याचे काम. पण रक्त सामाईक असल्याने ते बहिणीतही पोचते. तिच्या गर्भाशयाच्या नलिका खुरटतात, अंडाशयातील बीजपेशी मरतात, कधी तेथे वृषणासारख्या नलिकाही दिसतात. एरवी गाईच्या गर्भात 110 व्या दिवसाच्या सुमारास सत्तावीस लाखांपर्यंत बीजपेशी असतात. बाहेरून मात्र ही कालवड कालवडीसारखीच दिसते.

इंग्रज शेतकरी अशा कालवडीला ‘फ्रीमार्टिन’ म्हणत. लंडनच्या जॉन हंटर यांनी 1779 मध्ये तिचे वर्णन केले. 1916 मध्ये शिकागोच्या फ्रँक लिली यांनी रक्तातून जाणाऱ्या संप्रेरकाचे अनुमान मांडले. ते संप्रेरक हाती नसताना केलेले हे अनुमान मला फार मोलाचे वाटते. रक्ताबरोबर पेशींचीही देवाणघेवाण होते, हे रे ओवेन यांनी 1945 मध्ये दाखवले, आणि अवयवरोपणाच्या विज्ञानाला त्यातून दिशा मिळाली.

माणसातल्या भाऊ-बहीण जुळ्यांचे काय, असे विद्यार्थी विचारतीलच. त्यांचे रक्ताभिसरण जवळजवळ नेहमीच स्वतंत्र असते. त्यामुळे अशी मुलगी या कारणाने वांझ होत नाही. हे वर्गात स्पष्ट सांगावे.

कालवडीची परीक्षा मात्र काही आठवड्यांतच होते. पशुवैद्य बोथट नळी योनिमार्गात अलगद सरकवून खोली मोजतात. निरोगी कालवडीत ती तेरा ते पंधरा सेंटिमीटर जाते, फ्रीमार्टिनमध्ये पाच-सहाच. रक्तातील गुणसूत्रे तपासली, तर एक्सवाय पेशीही सापडतात. कधी जुळ्यातला गोऱ्हा गर्भातच मरतो आणि कालवड एकटी जन्मते. तिचा संशय कोणालाच येत नाही.