टायगर हिलवर डावीकडे बघा

उन्हाळी सहलींच्या जाहिराती झळकू लागल्या की दार्जिलिंग-गंगटोक-पेलिंग हे त्रिकूट त्यात असतंच. ऑक्टोबर २०२५ मधल्या बातम्या अजून कुणी विसरलेलं नाही. त्या महिन्याच्या ४ तारखेच्या रात्री दार्जिलिंगच्या डोंगरात पाऊस असा कोसळला की ठिकठिकाणी दरडी आल्या, दुधियाचा लोखंडी पूल मोडला, माणसं गेली आणि तिथल्या प्रशासनाने टायगर हिलसकट पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली. आता गाड्या पुन्हा चढू लागल्यात आणि सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत नेहमीची ओळही परतली आहे: पहाटे टायगर हिलवरून सूर्योदय, येताना घूमचा मठ, बतासिया लूप, नाश्त्याला हॉटेलवर परत.

त्या ओळीच्या भरवशावर साडेतीनला रजई सोडणाऱ्यांना कुणी सांगत नाही, की वर गेल्यावर बघायचं कुठे.

मराठी पर्यटक या बाबतीत महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर तयार झालेला असतो. पूर्वेकडे तोंड करायचं, लाल गोळा वर आला की फोटो काढायचा, टोपी कानावर ओढून मक्याचं कणीस शोधायला निघायचं. टायगर हिलवरही तो पूर्वेच्या कठड्यापाशी जागा पकडतो. सूर्य तिथेही उगवतो, सगळीकडे उगवतो तसाच. ज्याच्यासाठी माणसं शतकाहून अधिक काळ या टेकडीवर चढत आली आहेत, ते मात्र डाव्या हाताला, जवळजवळ थेट उत्तरेला, हवाई अंतराने ऐंशीएक किलोमीटरवर असतं. कांचनजंगा, उंची ८,५८६ मीटर, जगात तिसरी. मे महिन्यात सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो, डिसेंबरात आग्नेयेकडे सरकतो; शिखर अर्थातच जागचं हलत नाही. त्यामुळे हिवाळ्यात गर्दीचा चेहरा आणि शिखर यांच्यातला कोन आणखी वाढतो आणि सूर्यावर कॅमेरा रोखलेल्या माणसाच्या पाठीमागेच खरा खेळ होऊन जातो.

खेळाचा क्रम असा. टायगर हिलची उंची सुमारे २,५९० मीटर. शिखर त्याहून सहा हजार मीटर उंच. जितकं उंच जावं तितकं क्षितिज खाली जातं, म्हणून शिखराला सूर्य आधी दिसतो. गणित मांडलं तर हा फरक पाच-सहा मिनिटांचा निघतो. पूर्वेला आडव्या डोंगररांगा आणि ढगांची पट्टी असली की खाली उभ्या असलेल्यांना सूर्य आणखी उशिरा दिसतो. म्हणजे लोक ‘आला, आला’ म्हणून ओरडतात तेव्हा शिखरावरचा गुलाबी रंग पिवळ्याकडे निघालेला असतो. तो गुलाबी रंग हवेची करामत आहे. क्षितिजाला घासून येणाऱ्या किरणांना वातावरणातून फार लांबचा पल्ला कापावा लागतो. त्या वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि लाल-नारिंगी तेवढा पुढे पोचतो. बर्फ पांढरं, त्यामुळे जे येईल ते तसंच परत पाठवतं. रंग टोकावरून सुरू होतो आणि खाली ओघळत येतो. सूर्य थोडा वर चढला की वाट आखूडते आणि रंग धुऊन जातो.

ज्याला आणखी काही हवं असेल त्याने त्याच्याही आधी, उजाडू लागताच, पश्चिमेकडे बघावं. आकाश स्वच्छ असेल तर क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिका गुलाबी. खालचा करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. ती बघायला दार्जिलिंगला जावं लागत नाही, सिंहगडावरूनही दिसते.

आता घड्याळाचा विषय, कारण महाराष्ट्रातून गेलेल्यांची निम्मी कुरकुर त्याचीच असते. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहानंतर उगवतो, दार्जिलिंगला पावणेपाचच्या सुमाराला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बांधलेली आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ दहा अंश, दार्जिलिंग पूर्वेला सहा अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली की निव्वळ रेखांशाचा फरक तासाभराचा होतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडच्या लांब दिवसांची त्यात भर पडते. मुंबईकराचं शरीर घरच्या वेळेवर चालतं. साडेतीनची हाक त्याला साडेतीनचीच वाटते, तिथल्या माणसाला मात्र साडेचारसारखी.

ही कटकट कुणाला सुचलीच नव्हती असं मात्र नाही. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबई आणि कोलकाता या दोन्ही शहरांनी ती मनापासून स्वीकारली नाही. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, कोलकात्याची ५ तास ५३ मिनिटं. कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत जपली, मुंबईने त्याहून चिवटपणे १९५५ पर्यंत. दार्जिलिंग आणि कोलकाता जवळपास एकाच रेखांशावर आहेत. ती जुनी वेळ चालू असती तर मेमधला टायगर हिलचा सूर्योदय घड्याळात पाच वाजून गेल्यावर झाला असता. आसामातल्या काही चहामळ्यांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे: त्यांची ‘बागान वेळ’ प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे चालते. सहल कंपन्यांना हे कधी सुचलेलं नाही. सिलिगुडीत उतरल्यावर सगळ्यांना घड्याळं तासभर पुढे करायला लावली तर निदान मनाची समजूत निघेल.

पण वेळेपेक्षा मोठी चूक महिन्याची आहे. शाळांना सुटी एप्रिल-मेमध्ये, म्हणून मराठी कुटुंबं एप्रिल-मेमध्ये जातात. तेव्हा बंगालच्या उपसागरावरून ओल आत यायला लागलेली असते, मैदानातली धूळ-धूर वर चढलेला असतो आणि शिखर दिसलं तरी पातळ दुधाच्या मागे दिसतं. पहाटेची घाई त्यातल्या त्यात शहाणपणाची, कारण रात्री दऱ्या थंड होतात, धुकं खाली बसतं आणि ऊन तापू लागलं की उतारांवरून ढग वर येऊन आठ-नऊपर्यंत पडदा पाडतात. ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत मात्र पावसाने धुतलेली, कोरडी हवा असते आणि शिखर कित्येकदा दिवसभर समोर असतं. शिवाय नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे मेपेक्षा तासभर जास्त झोप. दिवाळीची सुटी नेमकी इथेच बसते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र परतीच्या पावसाचा असू शकतो. २०२५ मधली ती रात्र हे पुरेसं दाखवून गेली.

गंमत म्हणजे शिखरावर चढणाऱ्यांचा महिना मेच. जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर पोचले ते २५ मे १९५५ ला, आणि सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे राजाला, दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावलं खाली थांबले. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१९ मध्ये नेपाळच्या बाजूने गेले, तेही मेमध्येच. पावसाळ्याआधी काही दिवस वरचे सोसाट्याचे वारे उत्तरेकडे सरकतात आणि आठ हजार मीटरवर माणसाला उभं राहता येतं. त्याच दिवसांत खाली दार्जिलिंगकडे ढग भरत असतात. वर गेलेल्याला जग दिसतं, खाली राहिलेल्याला तो दिसत नाही. सहलीच्या पत्रकात या दोन ऋतूंची सरमिसळ सर्रास असते.

या साऱ्या प्रकारात सगळ्यात सुज्ञ पर्यटक कोण, असं विचारलं तर उत्तर मार्क ट्वेन. १८९६ मध्ये तो व्याख्यानं देत दार्जिलिंगला आला. बरोबरची मंडळी पहाटे घोड्यांवरून सूर्योदय बघायला दूर निघाली, तेव्हा हा घरीच राहिला. थंडी फार होती आणि घोड्यांशी आपली ओळख नव्हती, अशी कारणं त्याने नंतर लिहून ठेवली. पाइप पेटवला, घोंगड्या गुंडाळल्या आणि दोन तास खिडकीत बसला. एकेक शिखर गुलाबी, मग सोनेरी होत गेल्याचं त्याचं वर्णन ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या पुस्तकात आहे, आणि घोड्यांवरून गेलेल्यांपैकी कुणाचं वर्णन आज कुणाच्या आठवणीत नाही. त्याने तिथला एक किस्साही नोंदवला: कुणी पर्यटक म्हणे शिखराची बावीस दिवस वाट बघून तसाच परतला, पण निराश झाला नाही, कारण हॉटेलचं बिल हातात आल्यावर हिमालयातली सर्वांत उंच वस्तू आपण पाहिली हे त्याला पटलं. ही बहुधा थाप असावी, असं ट्वेन स्वतःच म्हणतो. दार्जिलिंगमधला त्याचा सर्वांत आनंदाचा अनुभव शेवटी शिखराचा नव्हताच. रुळांवरून हातगाडीत बसून घाट उतरत गेला, तो होता.

सत्यजित राय यांनीही हीच वाट बघण्याची गोष्ट केली. १९६२ चा ‘कांचनजंघा’ हा त्यांचा पहिला रंगीत चित्रपट, कथाही त्यांचीच. सुटीवर आलेल्या बड्या कुटुंबाचा प्रमुख शिखर दिसायची वाट बघतोय, धुकं येतंय-जातंय, आणि शेवटी शिखर उघडतं तेव्हा साहेबी थाटाच्या या माणसाचं तिकडे लक्षच नाही. तेही पहाटे घडत नाही, दुपारी उशिरा घडतं. मावळतीचं ऊनही याच शिखरावर तसंच रंगतं, पण त्याच्यासाठी कुणी जीप ठरवत नाही.

टायगर हिलचा दुसरा हट्ट एव्हरेस्टचा. वाटाडे वायव्येकडे बोट दाखवतात आणि लोक सर्वांत उंच दिसणाऱ्या सुळक्याचा फोटो घेतात. तो मकालू असतो. एव्हरेस्ट इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या जवळपास दूर आहे आणि एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई त्याची दोन किलोमीटर उंची गिळून टाकते. मकालू वीसएक किलोमीटर अलीकडे, म्हणून वर्गाच्या फोटोत पुढच्या रांगेतलं पोर मोठं दिसावं तसा तो दिसतो. नजरेच्या याच फसवणुकीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कांचनजंगालाच जगातलं सर्वोच्च शिखर मानणारे बरेच होते. तेव्हा ‘शिखर १५’ एवढंच नाव असलेल्या एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये जाहीर झाली.

पहाटेच्या या मिरवणुकीची किंमत कोण मोजतं, हे पत्रकात नसतं. टायगर हिलला जाणारा रस्ता सेंचल अभयारण्यातून जातो. १९१५ चं हे अभयारण्य देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि दार्जिलिंग शहराला पाणी देणारे सेंचलचे तलावही याच जंगलात. साडेतीनच्या काळोखात एकामागे एक जीप हॉर्न वाजवत जातात त्या यातून. इंग्रजांनी छोट्या गावासाठी बांधलेले तलाव आता मोठ्या शहराला पुरत नाहीत. ऐन पर्यटनाच्या उन्हाळ्यात तिथे टँकर फिरतात, जे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. दुसरीकडे वरच्या गर्दीत थर्मासमधून कॉफी विकणाऱ्या बायकांची, चालकांची कमाई याच दोन तासांवर उभी आहे. त्यामुळे ‘टायगर हिल बंद करा’ म्हणणं सोपं असलं तरी तिथल्या कुणाला पटणार नाही. गाड्या कमी आणि महिने जास्त, एवढं मागता येईल. तीच माणसं नोव्हेंबरात विभागून आली तर कॉफीही खपेल.

जायचंच असेल तर निदान वार आधी ठरवू नये. बहुतेक सहलींत टायगर हिल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवलेलं असतं, आकाश कसंही असो. तीन वाजता गच्चीत जाऊन उत्तरेकडे तारे खालपर्यंत दिसतात का ते बघावं. दिसत नसतील तर चालकाला तसं सांगून परत झोपावं. दार्जिलिंगच्या चौरस्त्यामागच्या रस्त्यावर, महाकाल मंदिराच्या टेकडीभोवती सहाला फिरायला गेलं तरी तेच शिखर समोर असतं आणि तिथे ढकलाढकली नसते.

पेलिंगला तर जीपची गरजच नाही. तिथून शिखराचं हवाई अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे टायगर हिलच्या जवळजवळ निम्मं. फक्त उत्तरेकडे खिडकी असलेली खोली पैसे भरण्याआधी मागून घ्यावी, कारण गटाला खोल्या सरसकट वाटल्या जातात आणि गाड्या लावायच्या जागेकडची खिडकीही कुणाच्या तरी वाट्याला येतेच.