प्याद्याला नाव असतं तेव्हा

सूझी इव्हान्स माझ्यामुळे मेली. ती सेगा या जपानी कंपनीच्या ‘वाल्किरिया क्रॉनिकल्स’ नावाच्या व्हिडिओ गेममधली शिपाई. तरीही हे वाक्य मला असंच लिहायचं आहे, कारण त्या रात्री लॅपटॉप मिटताना मला तसंच वाटलं होतं आणि आजही वाटतं.

हा गेम माझ्या घरी आला वासी उत्तरायणाला. बडोद्यात पतंगांचे दोन दिवस असतात, १४ जानेवारीला उत्तरायण आणि १५ला वासी. पुण्याहून आलेला भाचा मांज्यानं बोट कापून घेऊन गच्चीवरून लवकर खाली आला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्या दिवसांत गुळाची पोळी आणि उंधियू एकाच ताटात असतात. जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “मावशी, तू चित्रकलेची बाई. हे तुला दाखवायचंच होतं. बघ, सगळं युद्ध वॉटर कलरमध्ये आहे.”

होतंच तसं. पडद्यावर कागदाचा पोत दिसत होता. आकृत्यांना पेन्सिलीच्या कडा होत्या, सावलीच्या जागी तिरप्या रेघा. बंदूक चालली की तिचा आवाज अक्षरांनी चित्रातच उमटायचा. मी इथल्या फाइन आर्ट्सला शिकले, वर्षानुवर्षं शाळेत मुलांच्या हातात ब्रश दिला. युद्धाचा खेळ म्हटला की करडा धूर आणि रक्त, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे यायचं. इथे गव्हाच्या रंगाचं ऊन होतं, आणि त्या उन्हात माणसं मरत होती. ते जास्त लागतं.

कथा १९३५ सालच्या युरोपा नावाच्या कल्पित खंडात घडते. दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये गॅलिया हा चिमुकला तटस्थ देश सापडतो. त्याच्या जमिनीत रॅग्नाइट नावाचं खनिज आहे, आणि सगळ्यांचा डोळा त्यावर आहे. नायक वेल्किन हा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. तो नदीकाठी माशांची चित्रं काढत बसलेला असतो, तेव्हा गावच्या पहाऱ्यावरची अलिशिया त्याला हेर समजून पकडते. ती मुळात बेकरीत पाव भाजणारी. अशा माणसांची एक तुकडी बनते आणि ती आपल्या हाती येते.

ज्यांनी असा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘स्ट्रॅटेजी रोल-प्लेइंग’ म्हणजे बुद्धिबळ आणि नाटक यांची सांगड. डाव लढवायचा, आणि पात्रांच्या आयुष्यात राहायचंही. घराणं जुनं आहे. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ पटावर आले. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्करानं नकाशावर ठोकळे मांडून अधिकाऱ्यांना युद्ध शिकवलं. पुढे अमेरिकेत छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊ लागला. जपानमध्ये १९९० साली ‘फायर एम्ब्लेम’ आला आणि त्यानं एक कठोर नियम रूढ केला: पटावरचा शिपाई मेला की तो कथेतून कायमचा गेला. बुद्धिबळात प्यादं मारलं गेलं तर पुढच्या डावात पुन्हा मांडतो. त्याला नाव नसतं.

‘वाल्किरिया’ २००८ साली प्लेस्टेशन ३ साठी आला, २०१४ मध्ये कॉम्प्युटरवर. त्यात आधी वरून नकाशा दिसतो, निळ्या खुणा आपल्या, लाल शत्रूच्या. प्रत्येक फेरीत ठरावीक हुकूम मिळतात. एक हुकूम खर्च करून शिपाई निवडला की पडदा झपकन खाली उतरतो आणि आपण त्या शिपायाच्या पाठीशी उभे असतो. मग त्याला पळवायचं, वाळूच्या पोत्यांआड बसवायचं, गवतात लपवायचं. पळताना शत्रू गोळ्या झाडत असतोच. नकाशावर बोटभर वाटलेलं अंतर खाली उतरल्यावर किती लांब असतं, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. वरून हुकूम सोडणाऱ्या प्रत्येकाला असं एकदा खाली उतरवायला हवं.

आणि प्रत्येक शिपायाला स्वभाव आहे. कोणाला परागकणांचा त्रास, कोणाला एकटं राहायला आवडतं, कोणी विशिष्ट मित्र जवळ असला की जोमानं लढतो. सूझी सुखवस्तू घरातली, हळवी. तिचा जीव इतका मऊ की समोर शत्रू असताना कधी कधी तिचा हात गोळी झाडायला धजत नाही. भाचा म्हणाला होता, “हिला घेऊ नकोस, कामाची नाही.” मी घेतली. वर्गात अशा मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

त्या दिवशी मला घाई झाली होती. शत्रूची छावणी समोर दिसत होती आणि सूझी सर्वांत पुढे होती. मी तिला एकटीलाच रस्ता ओलांडायला लावला. पलीकडे पोहोचली, नेम धरला, आणि गोळी झाडायला तिचं मन होईना. शत्रूच्या फेरीत ती पडली. खाली पडलेल्या शिपायापर्यंत तीन फेऱ्यांत आपला कोणी पोहोचून त्याला हात लावू शकला, तर तो वाचतो. शत्रू आधी पोहोचला तर संपलं. माझे बाकीचे सगळे रस्त्याच्या अलीकडे, आणि रस्त्यावर मशिनगनचा मारा. दोघांना पाठवलं, दोघंही अर्ध्यावर अडले. मग शत्रूचा एक शिपाई तिच्यापाशी गेला.

भाचा हळूच म्हणाला, “मागचा सेव्ह लोड कर ना.” मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कीर्तिमंदिरात गेले. विश्वामित्रीच्या काठाजवळची ही वास्तू सयाजीराव महाराजांनी १९३६ साली गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ उभी केली. तिच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, त्यांतलं एक अभिमन्यूवधाचं. विद्यार्थिदशेत त्याच्यापुढे बसून मी पुष्कळ रेघोट्या मारल्या आहेत. तेव्हा मला फक्त रेषा दिसायची, घोडे, रथ आणि माणसं यांच्या दाटीतून धावणारी. या वेळी गोष्ट दिसली. चक्रव्यूहात शिरायचं कसं हे अभिमन्यूला ठाऊक होतं, बाहेर पडायचं कसं हे नव्हतं, एवढं आपल्याला आज्ज्यांनी सांगितलेलं असतं. पण ठरलं असं होतं की त्यानं व्यूह फोडायचा आणि भीम, युधिष्ठिर, नकुल, सहदेव यांनी मागोमाग आत शिरायचं. जयद्रथानं त्यांना तोंडावरच अडवलं. पोरगं मेलं, कारण त्याच्यापर्यंत आपलं कोणी पोहोचलं नाही. वडीलधाऱ्यांनी त्याला पुढे धाडताना मधल्या अंतराचा विचार केला नाही. सूझीच्या बाबतीत मी हेच केलं होतं.

या खेळाविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. लढाई संपली की श्रेणी मिळते, आणि ती फक्त किती फेऱ्यांत जिंकलात यावर ठरते. किती जण परतले याला गुण नाहीत. त्यामुळे तरबेज खेळाडू वेगवान अलिशियाला एकटीलाच छावणीपर्यंत पळवतात, बाकीची तुकडी जागची हलतही नाही. ज्या खेळानं प्रत्येक शिपायाला चेहरा, आवाज, आवडनिवड दिली, डार्क्सेन नावाच्या जमातीचा द्वेष आणि त्यांच्या छळछावण्या दाखवायचं धैर्य केलं, त्यानंच शेवटी घड्याळ पाहून बक्षीस द्यावं, हे मला पटत नाही. कथेतही एक मृत्यू असा आहे की तो कोणत्याही काळजीनं टळत नाही. कोणाचा ते लिहीत नाही. तुम्ही खेळाल तेव्हा कळेल.

भाचा पुण्याला परत गेला. शाळेतून आल्यावर मी रोज तासभर खेळते. आता कोणालाही एकटं पाठवत नाही; दोघं मिळून निघतात, तिसरा मागे हाकेच्या अंतरावर. परवाची लढाई फार लांबली, श्रेणी अगदी खालची मिळाली. सगळे जण परत आले.